डेथकोअर अल्बमची परीक्षणं कशी वाचायची: इंदूरच्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नवा अल्बम’ म्हणजे नेमका कुठला?

सध्या सगळ्यात जास्त विचारणा होते ती लॉर्ना शोअरच्या ‘आय फील द एव्हरब्लॅक फेस्टरिंग विदिन मी’ची. बँड न्यू जर्सीचा, कंपनी सेंच्युरी मीडिया, तारीख १२ सप्टेंबर २०२५. दहा गाणी, लांबी तासाच्या वर. गळा विल रामोसचा, गिटारवर अ‍ॅडम डी मिको आणि अँड्र्यू ओ’कॉनर, बासवर मायकेल येगर, ड्रमवर ऑस्टिन आर्ची. निर्माता जॉश श्रोडर, म्हणजे बँडच्या २०२२ च्या ‘पेन रिमेन्स’ अल्बमचाच. खालची बरीच उत्तरं या अल्बमला धरून आहेत, पण व्हाइटचॅपल, दाय आर्ट इज मर्डर किंवा स्लॉटर टू प्रिव्हेल यांच्या परीक्षणांनाही तीच लागू पडतील. भांडणं तीच असतात, फक्त बँडचं नाव बदलतं.

डेथकोअर म्हणजे डेथ मेटलच ना?

नाही. डेथ मेटलचा गळा, वेग आणि रिफ (पुन्हापुन्हा येणारे गिटारचे तुकडे) घ्यायचे, आणि हार्डकोअरमधून, म्हणजे पंकच्या आक्रमक शाखेतून, आलेला ब्रेकडाउन (लय संथ भासून सगळं जड होतं ती जागा) गाण्याच्या केंद्रस्थानी बसवायचा, ते डेथकोअर. मूळ शोधत गेलात तर न्यूयॉर्कच्या सफोकेशनपाशी पोचाल. १९९१ च्या ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’मध्ये वेगवान डेथ मेटल मधेच जड होऊन कोसळतं, त्या जागा पुढच्या पिढीने उचलल्या. माँट्रियलचा डिस्पाइज्ड आयकॉन, कॅलिफोर्नियाचे ऑल शॅल पेरिश आणि सुइसाइड सायलेन्स यांनी २००० नंतर त्याला रूप दिलं. जॉब फॉर अ काउबॉयची २००५ ची ‘डूम’ ही ईपी (छोटा अल्बम) मायस्पेस या संकेतस्थळाच्या काळात घरोघर पोचली. गंमत अशी की त्याच बँडने २००७ च्या ‘जेनेसिस’मध्ये डेथकोअर जवळजवळ सोडून दिलं.

हा इतिहास परीक्षण वाचताना उपयोगी पडतो. जुन्या वळणाचा डेथ मेटल समीक्षक ब्रेकडाउनला पोरकटपणा समजतो. हार्डकोअरमधून आलेल्याला तोच गाण्याचा कळस वाटतो. म्हणून परीक्षण वाचण्याआधी त्याच लेखकाने आधी कशाकशाचं कौतुक केलंय ते पाहा. पाच मिनिटं लागतात, आणि निम्मं कोडं तिथेच सुटतं.

अल्बम इंदुरात कधी ऐकायला मिळतो? परीक्षणं आधी कशी येतात?

जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि स्ट्रीमिंगवर बहुधा त्या त्या देशातल्या मध्यरात्री. म्हणजे आपल्याकडे गुरुवारची रात्र संपून बारा वाजले की अल्बम हजर. सराफ्यात तेव्हा भुट्ट्याचा कीस जोरात चालू असतो आणि न्यूयॉर्कमध्ये गुरुवारची दुपार असते. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे शुक्रवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेदहा.

व्यावसायिक परीक्षणं मात्र आदल्या दोनचार दिवसांतच दिसू लागतात. कंपन्या समीक्षकांना काही आठवडे आधी खासगी स्ट्रीम किंवा डाउनलोड देतात आणि अमुक तारखेच्या आत छापू नका अशी अट घालतात. ही प्रत पुष्कळदा एमपी३ असते आणि फाइलमध्ये कोणाला दिली याची छुपी खूण असते. म्हणून ‘झांजा खरखरतात’ अशी तक्रार प्रदर्शनाआधीच्या परीक्षणात असेल तर ती आपल्या चांगल्या प्रतीवर पडताळून पाहा. दोष मिक्सचा, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचा, नसून फाइलचा असू शकतो.

एके ठिकाणी ५ पैकी ३, दुसरीकडे १० पैकी ८. खरं कोण?

दोघंही. प्रत्येक ठिकाणची फूटपट्टी वेगळी आहे. ‘केरॅंग!’ हे नियतकालिक पाचपैकी गुण देतं. ‘डेसिबल’ दहापैकी गुण देतं. ‘अँग्री मेटल गाय’ पाचपैकी देतं, पण तिथे ३ म्हणजे ‘चांगला’, साडेतीन म्हणजे ‘फार चांगला’, आणि ५ क्वचितच पडतात. मेटल आर्काइव्ह्जवर वाचकच टक्क्यांत गुण देतात आणि तिथे ० आणि १०० दोन्ही सढळ हाताने वाटले जातात.

आपल्या डोक्यात साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, हे शाळेपासून पक्कं बसलेलं असतं. इथे ते सोडायचं. बऱ्याच मेटल नियतकालिकांत गुण सात ते नऊ यांच्या दरम्यानच फिरतात, त्यामुळे दहापैकी सहा म्हणजे सौम्य शब्दांत नापास. उलट कडक ठिकाणी पाचपैकी ३ मिळाले, तर अल्बम विकत घ्यायला हरकत नाही.

आमचं मत सरळ आहे: आकडा सोडा, तक्रार वाचा. ‘सलग तासभर ऐकून दम लागतो’ ही तक्रार आहे, पण ज्याला दम लागावा अशीच अपेक्षा आहे त्याच्यासाठी ती जाहिरात आहे. ‘गाणी एकमेकांत मिसळतात’ ही मात्र खरी तक्रार आहे. ती दोनतीन स्वतंत्र परीक्षणांत दिसली तर गांभीर्याने घ्या.

मेटाक्रिटिकवर डेथकोअरचे आकडे का सापडत नाहीत?

मेटाक्रिटिक वेगवेगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी दाखवतं. ती काढायला तिथे निदान चार परीक्षणं लागतात, तीही त्यांच्या ठरलेल्या प्रकाशनांतली. डेथकोअरबद्दल लिहिणारी बहुतेक ठिकाणं त्या यादीत नसतात. आकडा दिसला नाही म्हणजे अल्बमची दखल घेतली गेली नाही, असा अर्थ काढू नका.

आणि श्रोत्यांचे गुण? पहिल्या दिवशी फार वर, मग उतरतात…

पहिल्या चोवीस तासांत गुण देणारे दोनच प्रकारचे लोक असतात: आधीपासून प्रेमात असलेले आणि आधीपासून चिडलेले. रेट युअर म्युझिकवर किंवा अल्बम ऑफ द इयरवर आकडा बघायचाच असेल तर तीन आठवडे थांबा. आणि सरासरीपेक्षा विभागणी बघा. सगळे गुण मधोमध गोळा झाले असतील तर अल्बम बहुधा सुरक्षित, नेहमीच्या वाटेचा. दोन टोकांना ढीग असतील तर बँडने काहीतरी बदललंय.

‘ब्रेकडाउनवर जगणारा अल्बम’ म्हणजे स्तुती की टीका?

बहुधा टीका, पण आधी ब्रेकडाउन ओळखता यायला हवा.

वेगाच्या जागी ड्रमर चार मात्रांच्या आवर्तनात स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मारतो, किंवा ब्लास्ट बीट या अतिवेगवान ठेक्यात जवळजवळ अखंड. ब्रेकडाउनला स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर येतो, चायना ही खरखरीत आवाजाची झांज प्रत्येक मात्रेवर वाजते, आणि गिटार व किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकाच नक्षीत बांधले जातात. मूळ लय बरेचदा तीच असते. ऐकणाऱ्याला ती अर्धी झाल्यासारखी वाटते. पायाने ठेका धरून बघा: पाय तसाच चालतो, मान मात्र निम्म्या वेगाने हलते.

इंदूरच्या श्रोत्याला हे समजायला अवघड जाऊ नये. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ऐकलेल्या कानाला माहीत असतं की लय जितकी मोकळी तितकी दोन मात्रांमधली जागा भरणं कठीण. डेथकोअरचंही तेच. संथ जागेत काही घडलं नाही तर नुसतं रिकामं भांडं वाजतं.

चांगला ब्रेकडाउन समेसारखा येतो. आधी तयारी होते: रिफ आकसत जातो, किंवा सगळी वाद्यं थांबतात आणि एक ओळ एकट्याने म्हटली जाते, मग आघात. तिहाईनंतर सम यावी तसं. वाईट ब्रेकडाउन कुठेही लावता येतो. या गाण्यातला उचलून त्या गाण्यात ठेवला तरी फरक पडत नाही. हीच चाचणी करा: ब्रेकडाउनच्या आधीची तीस सेकंदं वगळून थेट तिथून ऐका. तितकंच भारी वाटलं, तर त्याचा गाण्याशी संबंध नाही आणि समीक्षकाची तक्रार बरोबर आहे. फिकं वाटलं, तर तो गाण्याने कमावलेला आहे.

एकापाठोपाठ तीन ब्रेकडाउन, प्रत्येक आधीच्यापेक्षा संथ, ही लॉर्ना शोअरच्या २०२१ च्या ‘टू द हेलफायर’ या गाण्यानंतर फारच रुळलेली चाल. त्या गाण्याच्या शेवटच्या भागाच्या चित्रफिती इतक्या फिरल्या की नंतर कित्येक बँडनी शेवट तसाच बांधला. त्यामुळे आज ‘शेवट अपेक्षित होता’ असं वाचलंत तर तो दोष परीक्षण झालेल्या त्या एका बँडचाच असेल असं नाही.

‘ओव्हरप्रोड्यूस्ड’ म्हणजे नक्की काय बिघडलेलं असतं?

या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी लपतात, आणि आळशी परीक्षण त्या वेगळ्या करत नाही.

पहिली, ड्रम. २२० च्या लयीत किक सोळाव्या भागांनी वाजला तर सेकंदाला चौदा-पंधरा ठोके पडतात. खऱ्या पायाचा ठोका दर वेळी सारखा जोरात पडत नाही. म्हणून स्टुडिओत प्रत्येक ठोक्यावर आधीच मुद्रित केलेला नमुना बसवतात आणि ठोके वेळेच्या जाळीवर सरकवतात. नमुना अतिच झाला की किक टाइपरायटरसारखा टकटकतो. ओळखायची खूण: वेगवान जागेतला आणि एकट्या पडलेला किक हुबेहूब सारखाच ऐकू आला, तर तो पूर्ण बदललेला आहे.

दुसरी, वाद्यवृंद. सिम्फनिक डेथकोअरमध्ये व्हायोलिन आणि कोरस बहुतेक संगणकातले असतात आणि साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दाटतात. गिटारचा कडकपणा आणि गळ्यातली व्यंजनं नेमकी तिथेच राहतात. तिन्ही एकाच खोलीत घुसले की रिफ धुक्यात जातो. ‘एव्हरब्लॅक’बद्दल वाचाल त्या तक्रारींतली सगळ्यात ऐकण्याजोगी हीच आहे, हे संगीत भव्य आहे यावर कुणाचं दुमत नाही, भव्यतेखाली गिटार किती उरते यावर आहे.

तिसरी, बास ड्रॉप. ब्रेकडाउनच्या तोंडावर येणारा, घसरत खाली जाणारा तो धूम आवाज. तो सगळी जागा खातो, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारं साधन) बाकीचं दाबतो, आणि क्षणभर अख्खा बँड मागे सरकल्यासारखा वाटतो. अल्बममध्ये दोनदा छान. दर गाण्यात आला तर कंटाळा.

चौथी, मास्टरिंगचा, म्हणजे मुद्रणावर शेवटचा हात फिरवतानाचा, जोर. आजचा जड मेटल अल्बम सरासरी उणे सहा ते उणे आठ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक, शून्याजवळ म्हणजे जास्त जोर) आसपास बांधला जातो. स्पॉटिफाय साधारण उणे चौदाला सगळं समपातळीवर आणतं. म्हणजे उणे सहावर दाबलेला अल्बम तिथे आठ डेसिबलने खाली केला जातो: जोर जातो, पण दाबताना गेलेले चढउतार काही परत येत नाहीत. समीक्षकाने फाइल थेट ऐकली असेल तर त्याला भिंत अंगावर येते आणि तुम्हाला फोनवर तोच अल्बम मवाळ वाटतो. दोघांच्या कानांत दोष नाही. काही ठिकाणी परीक्षणाखाली ‘डीआर’, म्हणजे आवाजातले चढउतार किती उरले ते सांगणारा, आकडा देतात. तो ४ किंवा ५ असेल तर अल्बम घट्ट दाबलेला आहे असं समजा. या संगीतप्रकारात त्याहून मोठा आकडा भेटणं विरळाच.

तो आवाज खरा असतो की मशीनचा?

मुख्य आवाज खरा असतो, त्यावर थर चढवलेले असतात. गुरगुरणारा खालचा आवाज काढताना खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या कंप पावतात. वरचा कर्कश स्क्रीम बरेचदा खऱ्या स्वरतंतूंच्या करकरीवर, ज्याला फ्राय म्हणतात, त्यावर उभा असतो. लॉर्ना शोअरच्या विल रामोसच्या घशात कॅमेरा घालून तपासणी झाली, ती चित्रितही झाली आहे, आणि घशाचा वरचा भाग कसा आवळतो, हलतो ते त्यात दिसतं. रियाज खर्जासारखाच संयमाचा असतो. दुखलं की थांबायचं. सकाळी उठून दोन तास ओरडणं हा रियाज नव्हे, आणि त्यातून हाती येते ती फक्त ईएनटीची पायरी.

स्टुडिओत तीच ओळ दोनतीनदा मुद्रित करून डावी-उजवीकडे पसरवतात, हे सर्रास चालतं. आवाज यंत्राने खाली ओढला आहे का हे तपासायचं असेल तर व्यंजनं ऐका. खऱ्या खालच्या आवाजात ‘स’ आणि ‘ट’ धारदार राहतात. यंत्राने खाली ओढल्यावर तेही जाड आणि भोंगळ होतात. दुसरी तपासणी मैफलीची चित्रफीत. माइक मुठीत पूर्ण झाकला असेल तर आवाज आपोआप गडद होतो, तेव्हा माइक उघडा धरलेली जागा शोधा.

परीक्षणात ‘गळ्याच्या कसरती’ असा शेरा आला तर तो कौशल्यावर नसून निवडीवर आहे. डुकराची किंकाळी, गटाराचा घुरघुराट, भुतासारखी कुजबुज, सगळं एकाच कडव्यात आलं की नमुन्यांचा ट्रे मांडल्यासारखं वाटतं. ताना सगळ्यांनाच येतात. बंदिशीत कुठली तान घ्यायची ते थोड्यांना कळतं.

साध्या सुरात गायलं की इतका गोंधळ का होतो?

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. सुइसाइड सायलेन्सने २०१७ मध्ये निर्माता रॉस रॉबिन्सनच्या हाताखाली बँडच्याच नावाचा अल्बम केला. त्यात गायक एडी हर्मिडा न गुरगुरता, साध्या आवाजात गायला, आणि ‘डोरिस’ हे पहिलं गाणं आल्याबरोबर इतकी थट्टा झाली की अल्बम येऊच नये म्हणून ऑनलाइन याचिका निघाली. व्हाइटचॅपलने २०१९ च्या ‘द व्हॅली’मध्ये तेच केलं, ‘हिकरी क्रीक’ तर संपूर्ण साध्या सुरात आहे, आणि त्याचं स्वागत झालं.

फरक कुठे पडला? ‘द व्हॅली’ गायक फिल बोझमनच्या बालपणावर, घरातल्या हालांवर उभा आहे. साधा सूर तिथे मजकुरातून आला आणि त्याच्याभोवती जड गाणी शाबूत होती. सुइसाइड सायलेन्सच्या अल्बममध्ये ध्वनी कच्चा, सूर ढिला आणि आधीचा बँड ओळखू न येण्याइतका दूर. मुद्दाम केलेला कच्चेपणा आणि नुसता कच्चेपणा यांतला फरक श्रोत्याला दाखवता आला नाही. धाडसाबद्दल थोडी बाजू आम्हीही घेऊ, पण अल्बम पुन्हा लावायचा मोह होत नाही हेही खरं.

व्हाइटचॅपल २०२१ च्या ‘किन’नंतर २०२५ च्या ‘हिम्स इन डिसोनन्स’मध्ये पुन्हा जुन्या क्रौर्याकडे वळला. त्याच्या परीक्षणांत ‘पुनरागमन’ आणि ‘माघार’ हे दोन्ही शब्द एकाच वस्तूसाठी वापरलेले दिसतील.

मधेच गायक बदलला तर जुनं परीक्षण ग्राह्य धरायचं का?

आधी तपासा. दाय आर्ट इज मर्डरच्या २०२३ च्या ‘गॉडलाइक’च्या वेळी आधी आलेल्या सिंगल्समध्ये (सुट्या गाण्यांत) सीजे मॅकमहनचा आवाज होता, अल्बम आला तो टायलर मिलरच्या गळ्याने पुन्हा मुद्रित होऊन. अशा वेळी लेखकाने कुठली प्रत ऐकली हे कळल्याशिवाय गळ्याबद्दलचा परिच्छेद वाचण्यात अर्थ नाही.

अल्बम कशावर ऐकावा? फोनवर तर काहीच जड वाटत नाही.

वाटणारच नाही. ड्रॉप ए मध्ये, म्हणजे खालची तार ‘ए’ या सुरापर्यंत उतरवून, लावलेल्या सात तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार ५५ हर्ट्झवर वाजते, ड्रॉप जी मध्ये ४९ वर. फोनच्या स्पीकरला त्या पट्टीत जवळजवळ आवाजच नसतो. मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा अंदाजाने भरतो, त्यामुळे रिफ ओळखू येतो पण वजन येत नाही.

कानात घट्ट बसणारे साधे वायरचे इअरफोनही पुरतात. घट्ट हा शब्द महत्त्वाचा: रबराची टोपी सैल असली की खालचे स्वर सगळ्यात आधी गळतात. आधी तिन्ही मापांच्या टोप्या लावून बघा, मगच महागड्या खरेदीचा विचार करा. फोनमधला बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद करा, कारण अल्बममध्ये बास ड्रॉप आधीच भरपूर आहेत. वर बूस्ट दिलात तर फक्त भुणभुण उरेल. अ‍ॅपमध्ये आवाजाची गुणवत्ता सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा, आणि मोबाइल डेटासाठीची सेटिंग वेगळी असते, तीही बघा. बहुतेक जण तिथेच फसतात.

होम थिएटरवर ऐकणार असाल तर सबवूफर कोपऱ्यातून निदान दोन फूट पुढे ओढा. कोपऱ्यात तो फुगतो आणि सगळे किक एक होतात. बाइकवर हेल्मेटमध्ये ऐकून अल्बमवर मत देऊ नका, ऐकूही नका. पलासियाच्या चौकात हॉर्न ऐकू येणं जास्त गरजेचं आहे.

किती मोठ्याने?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलला फक्त ४ तास. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची पातळी दाखवणारी सोय असते, ती चालू करा. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो आवाज तुमच्यासाठी जास्त होता. स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी: निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर जाडजूड भिंतीतूनही सबवूफर शेजारी पोचतोच.

स्वतः परीक्षण लिहायचं आहे. कुठून सुरू करू?

चार वेळा ऐका, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा काहीही न लिहिता, सलग, एकही गाणं न टाळता. दुसऱ्यांदा वेळ टिपत: कुठल्या गाण्यात किती मिनिटं किती सेकंदांवर काय घडलं. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. ‘एव्हरब्लॅक’मधल्या ‘ग्लेनवुड’सारखं गाणं रामोसच्या वडिलांशी असलेल्या नात्याबद्दल आहे हे कळल्यावर त्याची लांबी वेगळी वाटते. चौथ्यांदा दोनतीन दिवसांनी, आणि अल्बम न लावता आधी आठवून बघा: कुठला रिफ गुणगुणता येतोय? एकही नाही, तर ती गोष्ट परीक्षणात आलीच पाहिजे.

एकाच बैठकीत चारही वेळा ऐकू नका. दुसऱ्या तासानंतर कान थकतात, वरचे स्वर बोथट होतात, आणि शेवटची गाणी विनाकारण मार खातात. तासापेक्षा लांब अल्बमांच्या परीक्षणांत ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ हे वाक्य फार वेळा येतं. त्यात अल्बमचा दोष किती आणि थकल्या कानाचा किती, हे सहाव्या गाण्यापासून सुरुवात करून एकदा ऐकलं की कळतं.

लिहिताना चारशे ते सहाशे शब्द पुरतात. निदान दोन ठिकाणी नेमका मिनिट-सेकंद द्या, म्हणजे वाचक स्वतः ऐकून तुमच्याशी भांडू शकेल. बँडचा इतिहास तीन ओळींत आटपा. आधीच्या अल्बमशी तुलना एकदाच करा. दर परिच्छेदात ‘पेन रिमेन्स’ आला तर नव्या अल्बमचं परीक्षण राहूनच जातं. ‘क्रूर’, ‘भयंकर’, ‘हाडं मोडणारा’ ही विशेषणं मिळून एकदा वापरायची मुभा आहे.

मराठीत लिहिताना शब्द कुठले वापरू?

रिफ, ब्रेकडाउन, ब्लास्ट बीट, मिक्स तसेच ठेवा. ‘विभंग’ असं काही घडवू नका, कुणाला कळणार नाही. पण जिथे आपले शब्द आहेत तिथे ते जास्त नेमके बसतात: लय, ठेका, आवर्तन, सम, खर्ज, आस, जागा. ‘ही जागा छान घेतली आहे’ हे वाक्य गिटारवादक डी मिकोच्या सोलोला बिनधास्त चालतं. इथले बरेच जण हिंदीत विचार करून मराठीत लिहितात. ‘आवाज भारी आहे’ याचा अर्थ जड की मस्त, ते स्पष्ट करा.

इंदूरचा मेटलशी काही संबंध आहे का?

आहे. निकोटिन हा मेटल बँड २००६ मध्ये इंदुरातच सुरू झाला, आणि मध्य भारतात या संगीताची सुरुवात करणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. डेथकोअरच्या जवळचं भारतीय काही हवं असेल तर मुंबईच्या भयानक मौतचा २०१४ चा ‘मॅन’ ऐका. नावावरून हसू येतं, अल्बम लावल्यावर येत नाही.

आई विचारते, हा माणूस आजारी आहे का? काय सांगू?

ठणठणीत आहे म्हणून सांगा. पोहे खाताना ऐकवायचंच असेल तर ‘पेन रिमेन्स’ या त्रिखंडी गाण्याचा पहिला भाग लावा. त्याच्या चालीत करुण रस आहे आणि तो गुरगुरण्यातूनही पोचतो. नव्या अल्बममधलं ‘प्रिझन ऑफ फ्लेश’ नंतर कधीतरी.